जीए कळलेली माणसं

घरात जी. ए. कुलकर्णींचा कथासंग्रह असणं आणि घरातल्या कुणीतरी तो वाचलेला असणं, ह्या दोन अगदी स्वतंत्र घटना आहेत. पहिली पुष्कळ घरांत घडते. ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ ही पुस्तकं दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, काचेआड, कोचावर बसलेल्या पाहुण्याला मान न वळवता नाव वाचता येईल अशा बेतानं उभी असतात. ज्योतिषाची, मधुमेहाची आणि शेअरबाजाराची पुस्तकं, म्हणजे जी खरोखर वाचली जातात ती, आत उशाशी. पाहुण्याची नजर काचेवर स्थिरावली की यजमान घसा साफ करून म्हणतो, “जीए म्हणजे वेगळंच प्रकरण.” पाहुणा डोळे किंचित मिटून म्हणतो, “वेगळंच.” मग दोघंही गप्प बसतात. ह्या गप्प बसण्याचा अर्थ ‘तू पुढं विचारू नकोस, मीही विचारणार नाही’ असा असतो. तेवढ्यात पोहे येतात.

ह्या प्रकारात जीएंचाही थोडा हात आहे. ‘निळासावळा’ १९५९ साली आला, ‘पिंगळावेळ’ १९७७ साली. मधल्या काळात मराठी कथेत त्यांचा दबदबा वाढत गेला, आणि हे गृहस्थ आपले धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत बसलेले. सभा-सत्कारांपासून चार हात लांब. फोटोत दिसलेच तर काळ्या चष्म्याआड. एरवी मराठी लेखक वाचकाला सहज सापडतो. व्याख्यान संपलं की बटाटेवड्याच्या बशीपाशी त्याला गाठायचं आणि “त्या गोष्टीतल्या बाईनं शेवटी दार का उघडलं नाही हो?” असं विचारून टाकायचं. तोंडात वडा असल्यामुळे लेखक मोघम हसतो, आणि ‘म्हणजे मला वाटलं तेच’ असं मनाशी म्हणत वाचक घरी जातो. जीएंच्या बाबतीत ही सोय कधीच नव्हती. १९८७ साली ते गेले आणि मग तर अर्थ लावण्याची सगळी जबाबदारी वाचकावर येऊन पडली. वाचकानं ती कशी पार पाडली हे पाहायचं असेल तर समीक्षेचे ग्रंथ उघडू नयेत. सार्वजनिक वाचनालयातली प्रत उघडावी.

आमच्या वाचनालयात ‘रमलखुणा’ची एक जुनी प्रत आहे. ह्या पुस्तकात गोष्टी फक्त दोन, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’, पण दोन्ही चांगल्या लांबलचक. समासात मात्र तिसरी गोष्ट चालू आहे आणि ती दोन-तीन पिढ्यांनी मिळून लिहिली आहे. सुरुवात शिसपेन्सिलीतल्या ‘वा!’नं होते. पुढच्या पानावर त्याच अक्षरात ‘वा! वा!’. आणखी काही पानांनी ‘व्वा!!’. मग हे गृहस्थ अचानक बंद पडतात. त्यांचं पुढं काय झालं, कळत नाही. त्यानंतर निळ्या शाईचा अंमल सुरू होतो. निळी शाई दाद देत नाही, रेघा मारते. वाक्य आवडलं तर एक रेघ, फार आवडलं तर दोन, आणि अजिबात कळलं नाही तर अख्ख्या परिच्छेदाला चौकट. अशाच एका चौकटीशेजारी तिसऱ्या कुणीतरी विचारलंय, ‘म्हणजे काय?’ त्याखाली उत्तर, ‘पुन्हा वाचा.’ त्याखाली, ‘दोनदा वाचलं.’ त्याखाली, कागद फाटेल इतकं पेन टोचून, ‘आधी जीवन वाचा.’ आणि त्याखाली लाल शाईत, ‘ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिण्यास सक्त मनाई आहे.’ हे वाक्यही वाचकानंच लिहिलेलं आहे, कारण ग्रंथपालबाईंचं अक्षर मला माहीत आहे.

शेवटच्या पानावर निकाल लागतो. गोष्ट संपते तिथल्या कोऱ्या जागेत एकानं लिहिलंय, ‘नियती!’ दुसऱ्यानं ते खोडून ‘अस्तित्ववाद’ केलंय. तिसऱ्यानं समेट म्हणून दोहोंच्या मध्ये अधिकचं चिन्ह काढलंय, पुढं बरोबरचं चिन्ह काढलंय, आणि उत्तर लिहायचं राहून गेलंय. अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक साधी विचारणा आहे: ‘मधली चार पानं कुठं आहेत?’ ह्या प्रश्नाला मात्र आजवर कुणी हात लावलेला नाही. मी उलटून पाहिलं. खरंच चार पानं नाहीत. दोऱ्याची अवस्था पाहता ती फार पूर्वीच निसटली असावीत. म्हणजे ‘वा! वा!’पासून ‘अस्तित्ववादा’पर्यंतचे बरेच लोक ती पानं न वाचताच तडीस गेले आहेत, आणि कुणाचंच काही अडलेलं नाही.

समासातली जागा संपल्यामुळे हल्ली माणसं वाचनकट्ट्यावर जमतात. आमचा कट्टा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी, चहासकट. परवा ‘स्वामी’ ही कथा होती. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रवासात वाटेत अडकलेल्या एका माणसाला आग्रहानं मठात नेतात, त्याची उत्तम बडदास्त ठेवतात, आणि मग जमिनीखालच्या खोलीत कायमचं कोंडून त्याला स्वामी करतात. पूज्यही तोच आणि कैदीही तोच.

निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या सरांनी प्रास्ताविक केलं. “ही कथा म्हणजे मानवी अस्तित्वाच्या अगतिकतेचं प्रतीक आहे.” एवढ्यावर चर्चा संपायला हरकत नव्हती, पण चहाला अवकाश होता.

बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले साहेब म्हणाले, “मला एक समजत नाही. हा माणूस नाहीसा झाला, तर कुणी चौकशी करणार नाही? घर नाही, ऑफिस नाही? आमच्या ब्रँचला न कळवता तीन दिवस कुणी आलं नाही, तर चौथ्या दिवशी घरी मेमो जायचा.”

“ते सोडा,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. “तळघराला परवानगी होती का? आणि हवेला झरोका तो एवढासाच? फायरवाले नाहरकत देणारच नाहीत.”

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचा मुद्दा काढला. उन्हाशिवाय माणूस इतके दिवस राहिला तर हाडं ठिसूळ होतील, असं त्यांचं मत पडलं. मराठी घेऊन एमए करणारी एक मुलगी होती. तिनं वहीत बघून “खोली म्हणजे गर्भाशय आणि त्या झरोक्याकडे चढणारा वेल म्हणजे...” एवढं म्हटलं, तोच सरांनी घाईघाईनं “आशावाद! वेल म्हणजे आशावाद!” असं जाहीर करून प्रकरण मिटवलं. मग सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. त्या चहाचं बघायला म्हणून आल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, “मी आपली एकदाच वाचली. पण मला वाटतं, अनोळखी माणसानं कितीही आग्रह केला तरी मुक्कामाला जाऊ नये.”

सगळे हसले. सरांनी तर “वाचनाच्या पातळ्या असतात” असंही म्हणून घेतलं. मला विचाराल तर त्या दिवशी कथेच्या सगळ्यांत जवळ वहिनीच पोचल्या होत्या, कारण आग्रहाबद्दल फक्त त्या बोलल्या. ‘आणखी एक पोळी घ्याच’पासून ‘आजची रात्र राहाच’पर्यंतच्या आग्रहात दांडगाईचा जो अंश असतो, तो मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. जीएंनी तो उचलून जमिनीखाली नेला आणि वर झाकण लावलं. पण हे वहिनींच्या तोंडून आल्यामुळे इतिवृत्तात नोंदवलं गेलं नाही. आशावाद नोंदवला गेला.

कट्ट्याबाहेरही जीएंचे काही खास वाचक आहेत. त्यांतला पहिला ‘मूळ’वाला. ह्याला काहीही दाखवा, त्यानं त्याचं मूळ वाचलेलं असतं. ‘ऑर्फियस’ ही कथा निघाली की तो चमकून म्हणतो, “हे ग्रीकांकडचं!” जीएंनी नाव लपवलेलं नाही, शीर्षकातच घातलेलं आहे, तरी चोर पकडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नाही. ‘यात्रिक’चा विषय निघाला आणि कुणी भाबडेपणानं ‘डॉन क्विक्झोट’ म्हणालं की हा आधी उच्चार दुरुस्त करतो, “किहोटे म्हणा,” आणि मग सर्व्हान्टेसच्या कादंबरीचे दोन भाग १६०५ आणि १६१५ साली निघाले हे सांगतो. “बरं, पण ‘यात्रिक’ कशी वाटली?” ह्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणतो, “मूळ स्पॅनिशमधूनच वाचायला हवं.” तुम्हाला स्पॅनिश येतं का, असं विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

दुसरा मोजणीवाला. हा कथा वाचत नाही, शीर्षकं मोजतो. “निळासावळा, हिरवे रावे, रक्तचंदन, काजळमाया, सांजशकुन, रमलखुणा, पिंगळावेळ. मोजा अक्षरं! प्रत्येकात पाच. पंचमहाभूतं!” मोजून पाहिलं तर खरोखरच पाच भरतात आणि क्षणभर आपल्यालाही घाम फुटतो. मग ‘पारवा’ आठवतो. त्यात अक्षरं तीनच. “त्रिगुण,” तो शांतपणे म्हणतो. ह्या माणसाला हरवता येत नाही. दोन असती तर त्यानं द्वैत काढलं असतं, आणि एकच असतं तर ब्रह्म.

तिसरा नियतीवाला. कथा वाचल्यापासून ह्याला जगात दुसरं काही दिसत नाही. एसटी चुकली की “जीए आठवले.” पाहुणे दारात आणि गॅस संपला की “अगदी जीएंची गोष्ट!” ह्याचाच एक सख्खा भाऊ आहे, तो “काजळमाया वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही” असं सांगतो. असे दोन दिवस उपाशी काढलेले अनेकजण मला भेटले आहेत. प्रकृती सगळ्यांची उत्तम होती.

आणि चौथा पत्रांवाला. “कथा नाही झेपल्या बुवा, पण पत्रं! काय माणूस होता!” जीएंची निवडक पत्रं चार खंडांत आली. सुनीताबाई देशपांडे ह्यांनी जीएंना लिहिलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’ म्हणून आली. ही सगळी ह्यानं वाचलेली असतात. कथांमधला एक माणूस त्याला धड ओळखता येत नाही, पण जीए कुणावर आणि कशावरून नाराज होते ते तोंडपाठ. माणसांपासून आयुष्यभर अंग चोरून राहिलेल्या लेखकाचं शेजाऱ्यासारखं सगळं माहीत करून घ्यायचं आणि त्यानं चारचौघांसाठी म्हणून छापलेलं तेवढं सोडून द्यायचं, ह्याला काय म्हणावं? ह्याला म्हणायला नियतीवाल्याकडे शब्द तयार आहे. ‘कैरी’वर अमोल पालेकरांनी सिनेमा काढला तेव्हा तर आणखी एक मोठा वर्ग जीएंच्या वाचकांत सामील झाला. त्यांनी ‘कैरी’ पाहिलेली आहे.

हे सगळं जीएंपासून सुरू झालं असं मात्र समजू नये. चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ह्यांची नवकथा आली तेव्हाही वाचक असेच बिथरले होते. त्यांची मुख्य तक्रार, गोष्टीत काही घडतच नाही. नायक खिडकीशी बसतो, त्याला काहीतरी वाटतं, आणि गोष्ट संपते. ह्याला गोष्ट म्हणायचं तर आमचे अण्णा रोज एक गोष्ट करतात, असं घरोघरी म्हटलं गेलं असणार. गंमत अशी, की ज्या गाडगीळांच्या नवकथेनं वाचकाच्या कपाळाला आठ्या पाडल्या, त्याच गाडगीळांच्या बंडूनं त्याला पोट धरून हसवलं. हे दोन गाडगीळ वेगळे आहेत अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. अर्थशास्त्राचे गाडगीळ धरले तर तीन. एकच माणूस एका हातानं अवघड आणि दुसऱ्या हातानं सोपं लिहू शकतो, ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही. अवघड लिहिणारा चोवीस तास अवघडच असला पाहिजे.

१९६९ साली तर राजा ढाले आणि त्यांच्या लघुनियतकालिकवाल्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. ते भांडण दुर्बोधतेचं नव्हतं. कुणाचं छापायचं आणि कुणाचं नाही हे ठरवणाऱ्या मक्तेदारीशी होतं. तरी वाचकाची प्रतिक्रिया म्हणून मला ती नेहमीच आदरणीय वाटत आली आहे, कारण ज्यांनी अंक जाळला त्यांनी तो आधी वाचला होता. वर्षाचे बारा अंक सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवणाऱ्या वर्गणीदारांविषयी एवढं ठामपणे बोलता येत नाही.

खुद्द ‘काजळमाया’चं काय झालं? १९७३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुःख, एकटेपणा, माणसाच्या हाती काय असतं आणि काय नसतं, अशा एकाहून एक जड प्रश्नांनी भरलेलं पुस्तक. त्यावर मराठीत वाद पेटला तो पुस्तक नेमकं कोणत्या तारखेला प्रकाशित झालं ह्याचा. जीएंनी पुरस्कार परत करून टाकला. माणूस हा नियतीच्या हातचं बाहुलं आहे की नाही, ह्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या मतभेद चालवून घेऊ, पण मुदतीच्या आत अर्ज आला होता की नाही ह्याबाबत आपण तडजोड करत नाही.

आपलेच वाचक असे आहेत असं वाटून कुणी खाली मान घालू नये. अमेरिकेत शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ही कथा १९४८ च्या जूनमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली. एका सुखवस्तू गावात दरवर्षी सोडत काढतात आणि जिची चिठ्ठी निघेल त्या व्यक्तीला बाकीचं गाव दगडांनी मारतं, एवढीच गोष्ट. त्या उन्हाळ्यात तिला तीनशेच्या वर पत्रं आली. त्यांत गोंधळ, तर्कवितर्क आणि शिव्या असे तीन मुख्य प्रकार होते, असं तिनंच पुढं एका व्याख्यानात सांगितलं. काही वाचकांनी मात्र व्यवहाराचं विचारलं होतं: ही सोडत कुठल्या गावी असते, आणि बाहेरच्या माणसाला बघायला जाता येतं का? हे वाचल्यावर मला आमच्या इथं ‘इस्किलार’ नकाशात शोधणाऱ्या गृहस्थांबद्दल एकदम आपुलकी वाटली. जॅक्सनबाईंच्या आईनंही पत्र पाठवलं होतं. तुझी गोष्ट मला आणि तुझ्या वडिलांना मुळीच आवडली नाही, असं. तीनशे पत्रांत एवढी सरळ प्रतिक्रिया दुसरी नसावी. आईला कुणाची भीती असणार!

बाकी सगळ्यांना मात्र ती असते, आणि ती गोष्टीची नसते. जीएंची मराठी मुळात अवघड नाही. वाक्यं सरळ, माणसं बहुतेक आपल्यासारखी कर्जबाजारी, घरात भांडणारी. नुसती कुणीतरी तोंडी सांगितली तर ‘स्वामी’ शाळकरी पोरगंही डोळे विस्फारून ऐकेल. हाच समाज मुक्ताबाईंचा मुंगीनं सूर्य गिळल्याचा अभंग देवळात टाळ्या वाजवत म्हणतो. मुंगीनं सूर्य कसा गिळला, आणि गिळला तर मग उजेड कुठून आला, असं कीर्तनात कुणी उठून विचारल्याचं ऐकिवात नाही. एकनाथांच्या भारुडातला विंचू चावतो तेव्हा तो कसला विंचू हे प्रत्येकाला आपसूक समजतं. तिथं आपण श्रोते असतो. छापील गोष्ट पुढ्यात आली की आपण परीक्षार्थी होतो.

हे काम शाळेनं केलं. धड्याखालचे प्रश्न आठवा. ‘लेखकाला यातून काय सुचवायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.’ तुमच्या शब्दांत म्हणजे गाईडातल्या शब्दांत, हे चौथीतलं मूलही ओळखून असतं. हा पाठ आवडला का, असा प्रश्न कधी आला नाही, कारण त्याला गुण कसे द्यायचे हे तपासणाऱ्याला कळलं नसतं. तेव्हापासून पुस्तक मिटलं की आपल्या कानात सुपरवायझरची खुर्ची करकरते. समासातला ‘नियती’ हे त्या पेपरातलं एका शब्दातलं उत्तर आहे, ‘अस्तित्ववाद’ हे सविस्तर, आणि शेजारच्याची चौकट बघून आपणही रेघ मारणं ही कॉपी. कट्ट्यावर सर आशावाद म्हणाले तेव्हा बाकीच्यांनी ज्या वेगानं माना हलवल्या, तो वेग कथा पटल्याचा नव्हता. उत्तर जुळल्याचा होता.

ह्या परीक्षेला न बसलेलं एकच माणूस मी पाहिलं आहे. माझी आत्या. एका मे महिन्यात पापड-कुरडयांच्या मधल्या दुपारी तिनं ‘काजळमाया’ सलग वाचून काढली आणि परत देताना म्हणाली, “सगळं कळलं. आवडलं नाही.”

“का गं?”

“अरे, कळलं म्हणूनच. इतकं दुःख त्यानं एका जागी बसून लिहायचं, मी एका जागी बसून वाचायचं. मग कुरडया कुणी घालायच्या?”

घरात त्या दिवशी दोन पदवीधर हजर होते. दोघांनीही तिला पुस्तक कळलेलं नाही हे समजावून सांगितलं. आवडलं नाही म्हणजे कळलं नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियमच आहे. त्याचा व्यत्यास तर आणखी लोकप्रिय: कळलं नाही, म्हणजे फार आवडलं. ह्या दोन नियमांच्या मध्ये आत्यासारखीला उभं राहायला जागा उरत नाही. ती उठली आणि गच्चीवर गेली. आणखी एक सांगायला हवं: नंतर कितीतरी वर्षं कुणाकडे काही विपरीत घडलं की ती “त्या पुस्तकातल्यासारखं” म्हणायची. न आवडलेलं पुस्तक तिनं इतकं वापरलं, की आवडलेल्यांनी त्याच्या निम्म्यानंही वापरलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या ग्रंथपालबाईंचा ह्यावर एक सिद्धांत आहे. पुस्तक कुणाला किती भिडलं हे त्यांना कट्ट्यावरून कळत नाही, दंडाच्या वहीवरून कळतं. “‘महान, महान’ म्हणणारे दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. जे काही बोलत नाहीत ते ठेवून घेतात.” सध्या ‘पिंगळावेळ’, म्हणजे ज्या पुस्तकात ‘स्वामी’ आहे ते, बँकेतल्या साहेबांकडे आहे. चौकशी करणार नाही का कुणी, असं विचारणारे तेच. मुदत कधीच संपली. दर आठवड्याला येतात, दंड भरतात, पुस्तक आणत नाहीत.

“मी दोनदा फोन केला,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्यांदा केला तर म्हणाले, तुम्ही फोन करता ना, बरं वाटतं. रिटायर झाल्यापासून मी कुठं गेलो, काय झालं, हे विचारणारं कुणी नाही. मेमो आल्यासारखं वाटलं.”

हा अभिप्राय नोंदवायला वाचनालयात रकाना नाही. बाईंनी दंडाच्या वहीत साहेबांच्या नावापुढं ‘मुदतवाढ’ असं लिहिलं आणि खाली सही केली. त्याच पुस्तकासाठी पुढचा नंबर सरांचा लागलेला आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं ‘पिंगळावेळ: एक आकलन’ ह्या विषयावर व्याख्यान आहे. पुस्तक अजून मिळालं नाही म्हणून बाईंनी त्यांची क्षमा मागितली, तर सर म्हणाले, काही घाई नाही, भाषण लिहून तयार आहे.